एस्पोझितो : एका आडनावाची जन्मकथा

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोर दोन वर्षांपूर्वी पिझ्झाचे एक दुकान निघाले. तेथे जाऊन खाण्याचा योग माझ्या वाट्याला एकदाच आला, तोही एका मैत्रिणीच्या वाढदिवसामुळे. पदार्थ समोर येईपर्यंत करण्यासारखे काही नसल्याने मी भिंतीवरचा फलक वाचत बसले. इ. स. १८८९ मध्ये इटलीची राणी मार्गेरिता नेपल्स शहरी आली असता तेथील राफाएले एस्पोझितो नावाच्या कारागिराने तिच्यासाठी तांबडा टोमॅटो, पांढरे चीज आणि तुळशीच्या कुळातले हिरवे पान अशा राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा केला व त्याला राणीचे नाव दिले, अशी कथा तेथे लिहिली होती. या कथेविषयी अलीकडच्या अभ्यासकांनी बऱ्याच शंका काढल्या आहेत. पण माझे लक्ष राणीपेक्षा त्या कारागिराच्या नावाकडे गेले, कारण आदल्याच आठवड्यात ग्रंथालयात इटलीतील एका तत्त्वज्ञाविषयी वाचताना हेच आडनाव माझ्या पाहण्यात आले होते : रोबेर्तो एस्पोझितो. आमच्या वर्गातील मुले ज्या अमेरिकन मालिकेविषयी तासन्‌तास बोलतात, त्या ‘ब्रेकिंग बॅड’मधील जियांकार्लो एस्पोझितो या नटाचे आडनावही तेच, त्याचे वडील मूळचे नेपल्सचे. एक पिझ्झावाला, एक तत्त्वज्ञ, एक नट! मला वाटले, हे कोणी मोठे नामांकित घराणे असणार. आपल्याकडे असे एखादे आडनाव तीन ठिकाणी दिसले की आपण लगेच ‘त्यांच्यापैकी का?’ असे विचारतो. शोध घेऊ लागले तेव्हा निराळेच निघाले. ही माणसे एका घराण्यातली असण्याचे काही कारणच नव्हते.

एस्पोझितो हा शब्द लॅटिनमधील ‘एक्स्पोसितुस’ या शब्दापासून आला आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. तेव्हा एक्स्पोसितुस म्हणजे ‘बाहेर ठेवलेला’. उच्चार करताना जोर ‘पो’ या अक्षरावर द्यायचा असतो. आईबापांनी जन्मल्याबरोबर किंवा थोड्या दिवसांनी उघड्यावर, देवळाच्या दारी अथवा आश्रमाच्या भिंतीशी ठेवून दिलेले जे मूल, त्याला हे आडनाव मिळत असे. आज नेपल्स शहरात सर्वांत अधिक आढळणारे आडनाव हेच आहे आणि साऱ्या इटलीतही त्याचा क्रम अगदी वरचा लागतो.

या गोष्टीचे नवल का वाटावे, हे कळण्यासाठी इटलीतील आडनावे कशी बनली ते थोडक्यात पाहिले पाहिजे. त्यांची रीत आपल्याहून फार वेगळी नाही. कोणी बापाच्या नावाने ओळखला जाई, तो ‘दि पिएत्रो’ म्हणजे पिएत्रोचा. कोणी गावाच्या नावाने, जसा ‘रोमानो’. आपण पुणेकर, नगरकर म्हणतो तसा. कोणी धंद्यावरून, मोटारींमुळे जगभर गाजलेल्या ‘फेर्रारी’ या आडनावाच्या मुळाशी आपला साधा लोहारच आहे. कोणी रंगरूपावरून, ‘रोस्सी’ म्हणजे तांबड्या केसांचा. ही ओळख हळूहळू वंशपरंपरेने चालू लागली, आणि १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्म्याची व विवाहांची नोंदवही ठेवलीच पाहिजे असा दंडक घातल्यावर ती कागदावर पक्की झाली.

आता ज्या मुलाचा बाप ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, ज्याला धंदा असण्याचे वय नाही आणि ज्याच्या डोक्यावर अद्याप केसही आलेले नाहीत, त्याच्या नावापुढे काय लिहायचे? वही तर रिकामी ठेवता येत नाही. लिहिणाऱ्याला त्या मुलाविषयी एकच गोष्ट ठाऊक होती : ते बाहेर ठेवलेले सापडले. तीच त्याने लिहिली.

नेपल्स शहराच्या जुन्या भागात फोर्चेल्ला नावाची वस्ती आहे. तिच्या जवळच अनुन्त्सियाता या नावाने ओळखली जाणारी धर्मसंस्था आहे. देवदूताने मेरीला तिच्या पोटी येणाऱ्या पुत्राची वार्ता सांगितली, त्या प्रसंगावरून हे नाव पडले. संस्था चौदाव्या शतकातली. चर्च, रुग्णालय आणि टाकलेल्या मुलांचा आश्रम असे तिचे तिहेरी काम होते. राजेरजवाडे, व्यापारी, मरणाच्या दारात उभे असलेले धनिक अशा अनेकांनी तिला इतके दान दिले की एके काळी तिची स्वतःची पेढी होती. ती १७०२ मध्ये बुडाली. १७५७ च्या आगीत चर्च जळाले तेव्हा त्याची नवी उभारणी लुईजी वान्वितेल्ली या त्या काळच्या थोर वास्तुशिल्पज्ञाने हाती घेतली व त्याच्या मुलाने पुरी केली. पण शहरातल्या गोरगरिबांना या इमारतीतील ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे वास्तुकला नव्हती. ती होती रस्त्यालगतच्या भिंतीतील एक लहानसे भोक व त्यामागचे चाक.

या चाकाला इटालियन भाषेत ‘रुओता’ म्हणतात. चाक म्हटले म्हणून बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणू नये. ते भिंतीच्या जाडीत उभे बसविलेले, ढोलासारखे पोकळ, लाकडी पिंप होते. त्याची एक बाजू उघडी असे. रात्री कोणी तरी येई, रस्त्याच्या बाजूने मूल त्या पोकळीत ठेवी, पिंप फिरवी आणि घंटा वाजवी. पिंपाची उघडी बाजू आतल्या खोलीकडे वळली की बाहेरच्याला आतले दिसत नसे व आतल्याला बाहेरचे. आत पाळीवर बसलेली बाई मूल उचलून घेई. त्याला धुऊन पुसून कोरड्या वस्त्रात गुंडाळीत. मग वहीत नोंद होई : तारीख, वेळ, अंदाजे वय, अंगावर काय कपडे होते, सोबत चिठ्ठी किंवा काही वस्तू होती काय. बाप्तिस्मा देऊन नाव ठेवीत. गळ्यात शिशाचा एक बिल्ला अडकवीत. त्या क्षणापासून ते ‘मादोन्नाचे लेकरू’, म्हणजे मेरीमातेचे लेकरू, म्हणून ओळखले जाई. नेपल्समध्ये हा शब्दप्रयोग तिरस्काराचा नव्हता. या नोंदवह्या शतकानुशतके जपल्या गेल्या आहेत आणि ते चाकही आज पाहावयास मिळते.

चाकाची कल्पना निघाली कशी, याची एक दंतकथा रोममध्ये सांगतात. पोप तिसरा इनोसन्ट याला स्वप्न पडले की टायबर नदीत मासे धरणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात अर्भकांची प्रेते येत आहेत. त्याने बाराव्या शतकाच्या अखेरीस सान्तो स्पिरितो हे रुग्णालय उभारून तेथे अशा मुलांची सोय केली. स्वप्न खरे की खोटे हा प्रश्न वेगळा. जाळ्यातील प्रेते स्वप्नातली नसावीत, असे मला वाटते.

लोक मुले टाकीत तरी का? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कुमारिकेला किंवा विधवेला मूल झाले तर घराण्याची अब्रू जाई, हे कारण आपल्यालाही सांगायला नको. इतिहासकार डेव्हिड कर्ट्झर यांनी १९९३ मध्ये याच विषयावर एक ग्रंथ लिहिला. अविवाहित मातेने मूल जवळ ठेवूच नये असा दाब समाजाकडून, धर्मसंस्थेकडून आणि सरकारी व्यवस्थेकडून तिच्यावर येत असे, हे त्यांनी त्यात दाखविले आहे. एकीकरणानंतर १८६५ मध्ये इटलीची जी नागरी संहिता झाली तिने तर मुलाचा बाप कोण याचा न्यायालयात शोध घेण्यासच सर्वसाधारणपणे मनाई केली. कायद्याने बापाचे नाव झाकून ठेवले आणि मुलाचे नाव मात्र असे ठेवले की ज्याला त्याला त्याचा जन्म कळावा! इतिहासाच्या विद्यार्थिनीने रागावू नये असे म्हणतात. पण या ठिकाणी मला राग आवरत नाही.

तथापि सारीच मुले लग्नाबाहेरची होती, असे समजणे चुकीचे ठरेल. लग्नाच्या नवराबायकोंचीही पुष्कळ मुले चाकात येत. महागाई झाली, साथ आली, बापाचे काम सुटले, आईचे दूध आटले की घरातले पाचवे-सहावे मूल चाकाकडे जाई. एकोणिसाव्या शतकात एकट्या नेपल्सच्या अनुन्त्सियातात वर्षाकाठी २,००० च्या आसपास मुले येत होती. इतक्या मुलांना पाजण्यासाठी दाया कोठून आणायच्या? एकेका दाईच्या अंगावर दोन-दोन, तीन-तीन मुले. जी बाहेर गावच्या दाईकडे धाडली जात त्यांची जगण्याची आशा थोडी बरी. आश्रमात राहिलेल्यांतील निम्म्याहून अधिक मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. म्हणजे आज जे हजारो एस्पोझितो आहेत ते जगलेल्या थोड्यांचे वंशज होत. जी गेली त्यांचे आडनाव फक्त वहीत आहे. शिवाय मुलांना आडनाव बापाकडून मिळत असल्यामुळे आश्रमातील मुलींचे एस्पोझितो हे नाव त्यांच्याबरोबरच संपले. संस्था अशा मुलींना हुंडा देऊन त्यांची लग्ने लावून देई. ज्यांचे लग्न झाले नाही त्या तेथेच म्हाताऱ्या झाल्या.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत अधिक जर कशाने धरून ठेवले असेल तर ते खुणांनी. फ्लॉरेन्स शहरात रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने टाकलेल्या मुलांसाठी एक भव्य आश्रम बांधविला. त्याचे नाव ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती’, म्हणजे निरागसांचा आश्रम. ब्रुनेलेस्कीने १४१९ मध्ये त्याचे काम सुरू केले. प्रबोधनकाळाच्या वास्तुकलेचा धडा शिकताना त्याच्या कमानींचे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. परीक्षेत आपण कमानींची प्रमाणबद्धता लिहितो. त्या कमानींच्या मधोमध निळ्या पार्श्वभूमीवर दुपट्यात गुंडाळलेली पांढरी बाळे आहेत, ती आन्द्रेआ देल्ला रोब्बिया याने केलेली, याकडे आपले लक्षही जात नाही. या आश्रमात पहिले मूल आले ते ५ फेब्रुवारी १४४५ रोजी. ती मुलगी होती. तो दिवस संत आगाता हिचा म्हणून तिचे नाव आगाता ठेवले; आगाता स्मेराल्दा. सहाशे वर्षे होत आली, पण आश्रमाने आपल्या पहिल्या मुलीचे नाव विसरू दिलेले नाही.

तर या आश्रमात येणाऱ्या मुलांच्या अंगावर आईबापांनी खुणा ठेवलेल्या असत. मोडलेले अर्धे नाणे, अर्धे पदक, फितीचा तुकडा, मणी. उरलेला अर्धा भाग आई आपल्याजवळ ठेवी. दिवस पालटले, चार पैसे हाती आले की यायचे, अर्धा तुकडा दाखवायचा आणि आपले मूल मागायचे. या आश्रमाचे संग्रहालय २०१६ मध्ये नव्याने उघडले. तेथे हे अर्धे तुकडे एकेका लहान खणात, ज्या मुलाबरोबर आले त्याच्या नावासह ठेवलेले आहेत. हे मी सुटीत घरी गेले असता आजीला सांगितले. माझी आजी शाळेत गेलेली नाही. इटली कोठे आहे हेही तिला ठाऊक नाही. तिने तांदूळ निवडता निवडता एवढेच विचारले, “मग जुळली का गं कुणाची?” मी म्हटले, काहींची जुळली, आईबाप येऊन मुले घेऊन गेले. जी जुळली नाहीत ती तेथे खणात आहेत. “म्हंजी त्यात हाईत ती समदी न जुळल्यालीच,” ती म्हणाली. ग्रंथ वाचताना हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

फ्लॉरेन्समधील मुलांना इन्नोचेन्ती, देल्यी इन्नोचेन्ती, नोचेन्तीनी अशी आडनावे मिळाली. शहरागणिक ही आडनावे बदलतात आणि त्यांवरून त्या त्या शहराने या मुलांकडे कोणत्या नजरेने पाहिले हे कळते. बोलोन्यात ‘देल्यी एस्पोस्ती’. सिसिलीत ‘त्रोवातो’, म्हणजे सापडलेला. रोममध्ये ‘प्रोयेत्ती’, याचे मूळ लॅटिन ‘प्रोयेक्तुस’, म्हणजे फेकलेला. ‘ठेवलेला’, ‘सापडलेला’ आणि ‘फेकलेला’ या तीन शब्दांत केवढे अंतर आहे पाहा. सापडलेला म्हणणारा ज्याला मूल मिळाले त्याच्या बाजूने बोलतो, फेकलेला म्हणणारा आईवर आरोप ठेवतो. माझ्या मते नेपल्सचा शब्द मधला आहे. ठेवणे यात पुन्हा नेण्याची थोडी शक्यता राहते. अर्थात लॅटिनमध्ये हा शब्द कायद्याचा व रूक्ष आहे. ही माया कदाचित मराठीतल्या ‘ठेवणे’ या क्रियापदाची असेल.

मिलानची गोष्ट वेगळीच आहे. या शहरात दातेओ नावाच्या धर्मगुरूने ७८७ मध्येच टाकलेल्या मुलांसाठी घर काढले होते, म्हणजे युरोपातील अशा अगदी आरंभीच्या घरांपैकी ते एक. पुढे १४५६ मध्ये फ्रान्चेस्को स्फोर्त्सा याने स्थापिलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे हे काम आले. त्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर. कबुतराला इटालियनमध्ये ‘कोलोम्बो’ म्हणतात. रुग्णालयाची मुले ती कबुतराची मुले, म्हणून त्यांचे आडनाव कोलोम्बो झाले. येथे कोणाच्याही मनात येईल की अमेरिकेचा मार्ग शोधणारा कोलंबस, त्याचे आडनावही कोलोम्बोच होते. मग तोही काय? तर नाही. तो जिनोआचा, आणि त्याचा जन्म १४५१ चा, म्हणजे हे रुग्णालय निघण्याआधीचा. कोलोम्बो हे नाव कबुतरे पाळणाऱ्यावरून वा शांत स्वभावावरूनही पडत असे. एकाच आडनावाच्या मुळाशी दोन निराळ्या गोष्टी असू शकतात, हे सांगण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे. आडनावावरून माणसाचा इतिहास एका झटक्यात सांगणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे.

व्हेनिसमध्ये तर आडनाव द्यायचीही तसदी घेतलेली दिसत नाही. तेथील पिएता नावाच्या आश्रमाच्या भिंतीवर १५४८ सालची एक संगमरवरी पाटी आहे. ज्यांना मूल पोसण्याची ऐपत असूनही ते येथे टाकतील त्यांना देव शाप देईल, असा तिचा आशय. या आश्रमातील मुलींना संगीत शिकवीत. विवाल्दी हा विख्यात संगीतकार १७०३ पासून तेथे शिक्षक होता. मुलींचे वादन ऐकायला साऱ्या युरोपातून लोक येत, आणि या मुलींना नाव असे ते त्यांच्या वाद्यावरून. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध आन्ना मारिया, हिला ‘आन्ना मारिया दाल व्हिओलिन’ म्हणत; व्हायोलिनवाली आन्ना मारिया. तिला दुसरे आडनाव नव्हते. जिने आपले आडनाव स्वतःच्या हाताने वाजवून मिळविले अशी बाई इतिहासात विरळा.

नेपल्सकडे परत येऊ. नेपोलियनचा मेहुणा जोआकिम म्युरा १८०८ पासून १८१५ पर्यंत नेपल्सचा राजा होता. एस्पोझितो हे आडनाव म्हणजे मुलाच्या कपाळी मारलेला जन्मभराचा शिक्का होय, हे त्याच्या राजवटीत सरकारला पटले व यापुढे ते कोणास देऊ नये असा हुकूम निघाला. यापुढे प्रत्येक मुलाला निराळे, कोणताही सुगावा न देणारे आडनाव द्यावयाचे होते. फ्रेंच राजवटीच्या सगळ्याच गोष्टी वाईट नव्हत्या. मात्र ज्यांना ते नाव आधीच मिळाले होते त्यांचे ते राहिले, त्यांच्या मुलानातवंडांकडे गेले, आणि १८७६ ते १९१५ या काळात इटलीतून सुमारे १ कोटी ४० लाख माणसे पोटासाठी बाहेर पडली तेव्हा त्यांच्याबरोबर न्यूयॉर्क आणि ब्वेनोस आयरेसपर्यंत पोचले. समुद्रापलीकडे त्याचा अर्थ विचारणारा कोणी नव्हता.

आता मघाचा मुद्दा. आडनाव म्हणजे रक्ताच्या नात्याची खूण, असे आपण धरून चालतो. एस्पोझितोच्या बाबतीत हे गणित उलटे होते. शंभर एस्पोझितो एका सभागृहात बसविले तर त्यांचे मूळ पुरुष बहुधा कितीतरी वेगवेगळे निघतील. त्यांच्यात समान असेल ती फक्त एक वही व ती लिहिणारा एक कारकून.

हा विषय आपल्या मुलखापासून फार दूरचा वाटेल. पण पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा त्यांच्यापुढे तोच प्रश्न होता, जो टायबरच्या काठी होता. पंढरपुरास प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने असे गृह निघाले ते १८७५ मध्ये. योगायोग असा की नेपल्सचे चाक त्याच वर्षी बंद झाले. फुले दांपत्याने मात्र एक पाऊल पुढे टाकले. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले आणि त्याला आपले आडनाव दिले. हे आडनाव तरी कोठून आले? जोतीरावांचे घराणे मूळचे कटगुणचे गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय करू लागले म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. म्हणजे लोकांनी धंद्यावरून दिलेले नाव पुढे अशा मुलाकडे गेले की ज्याला समाज काहीच द्यायला तयार नव्हता. यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात त्यांच्याच दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंचा अंत झाला. वहीत ‘बाहेर ठेवलेला’ असे लिहिणे आणि स्वतःचे नाव देणे या दोन रीतींत मला जो फरक वाटतो तो येथे मांडला. अनुन्त्सियातातल्या बायकांनी दर रात्री ५-६ घंटा ऐकून मुले उचलली, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही.

माझ्या स्वतःच्या आडनावाची गोष्ट सांगते आणि लेख आटोपता घेते. १९७२ च्या दुष्काळात माझे आजीआजोबा गाव सोडून खडी फोडायच्या कामावर आले आणि परत गेलेच नाहीत. वडिलांचा जन्म इकडचाच. ते सहा वर्षांचे झाल्यावर आजी त्यांना शाळेत घेऊन गेली. गुरुजींनी आडनाव विचारले. आजी म्हणाली, आमच्यात आडनाव कुठलं, गुरुजी? गुरुजींनी विचारले, मग आलात कुठून? तिने गावाचे नाव सांगितले. गुरुजींनी त्याला ‘कर’ लावून रजिस्टरात लिहिले. तेच आज माझ्या ओळखपत्रावर आहे. त्या गावी आमचे कोणी नाही, आमच्या घरातल्या कोणी ते गाव पुन्हा पाहिलेले नाही. महाविद्यालयात आल्यापासून हे आडनाव ऐकून निदान दहा जणांनी मला विचारले असेल, “म्हणजे नक्की कोणाच्यातल्या?” विचारणाऱ्याला गावाशी काही कर्तव्य नसते, त्याला काय हवे असते हे त्यालाही कळते आणि मलाही. पहिल्या वर्षी मी घुटमळत असे. आता मी, गुरुजींनी लिहिले, एवढेच उत्तर देते. ते खरे आहे आणि पुरेसे आहे. वडिलांना मी एस्पोझितोची हकीगत सांगितली तेव्हा ते म्हणाले, “आपल्या गुरुजींनी इचारलं तरी. त्यांच्या कारकुनानं इचारायचं कुणाला?”

इटलीतील उरलेली चाके १९२३ मध्ये सरकारी हुकमाने बंद झाली. तरी सरकारी कागदांवर ‘बाप : अज्ञात’ अशा अर्थाची ‘एन. एन.’ ही दोन अक्षरे पुढे कितीतरी वर्षे राहिली; ती दाखले व ओळखपत्रे यांवरून काढण्याचा कायदा १९५५ मध्ये झाला. ‘फिलुमेना मार्तुरानो’ हे तीन मुलांच्या आईचे गाजलेले नाटक १९४६ मध्ये लिहिणारा एदुआर्दो दे फिलिप्पो हा नेपल्सचाच, आणि तो स्वतः लग्नाबाहेरचे मूल होता. दे फिलिप्पो हे त्याच्या आईचे आडनाव. २००० साली झालेल्या नोंदणीच्या नियमांनुसार, ज्या मुलाचे आईबाप अज्ञात आहेत त्याला तसा जन्म सूचित करणारे नाव किंवा आडनाव देता येत नाही. म्हणजे इटलीत आज एखादे मूल असे सापडले तर त्याचे नाव काहीही ठेवता येईल, एस्पोझितो मात्र ठेवता येणार नाही. आणि २०२२ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने असा निर्णय दिला की मुलाला आपोआप केवळ बापाचेच आडनाव देणे समतेला धरून नाही. दोघांचे मत वेगळे नसेल तर दोघांची आडनावे लागावीत. आपल्या राज्यातही १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. माझा जन्म त्याच्या बराच आधीचा, त्यामुळे माझ्या गुणपत्रिकेवर आईचे नाव खाली वेगळ्या ओळीत येते. या लेखाखाली पूर्ण नाव घालायचे असते तर मी ते नव्या क्रमाने लिहिले असते.